रीतसर नामंजूर

दीनानाथ खांबेट्यांना कर्ज नको होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्यावरून नारायण पेठेतल्या बऱ्याच मंडळींचा उलटा समज झाला होता. त्यांना हवा होता फ्रीज. फ्रीजपुरते पैसे खात्यात होते, ते काढून रोख द्यायचे असं ठरवूनच एका शनिवारी संध्याकाळी ते आणि पद्मजाबाई लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात शिरले. पण त्या दुकानात केयूर नावाचा विक्रेता होता, आणि केयूरकडे एका बँकेची योजना होती.

"काका, कॅश कशाला देताय? हप्त्यांवर घ्या. व्याज शून्य. वर ही प्रेशर कुकरची जोडी फ्री. कॅशवाल्यांना नाही मिळत."

"म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला कुकर नाही, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला आहे?"

"हो काका."

"चांगलंय. उशिरा का होईना, देशात समाजवाद आला म्हणायचा."

"कुकर नकोत," पद्मजाबाई म्हणाल्या. "आहेत त्यांच्यासाठीच फळी पुरत नाही."

पण फुकट हा शब्द एकदा कानात गेला की पुणेकराच्या बाकीच्या इंद्रियांवर त्याचा ताबा राहत नाही. दीनानाथरावांनी पॅन दिलं, आधार दिलं, मोबाईलवर आलेले आकडे मोठ्याने वाचून दाखवले. मग केयूरने त्यांच्या तोंडासमोर मोबाईल धरला आणि म्हणाला, "काका, आता कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकवा." एका सरकारी खात्यातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थाने भर दुकानात, मागे गिऱ्हाइकांची रांग असताना, डोळे मिचकवले. पहिल्यांदा मशीनला पटलं नाही म्हणून पुन्हा मिचकवले. पद्मजाबाई तेवढा वेळ वॉशिंग मशीनची माहिती फार लक्षपूर्वक वाचत होत्या.

"झालं! दोन-चार दिवसांत मंजुरी येईल," केयूर म्हणाला. "आणि काका, जुन्या फ्रीजचं एक्स्चेंज करायचंय ना? आमचा टेम्पो उद्या तुमच्याच बाजूला येतोय. देऊन टाका, मोकळे व्हा."

रविवारी टेम्पो आला आणि खांबेटे मोकळे झाले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक चौकोनी डाग, दोन मेलेली झुरळं आणि बऱ्याच वर्षांपूर्वी हरवलेला पद्मजाबाईंचा चष्मा एवढंच उरलं. गुरुवारी दुपारी मोबाईलवर संदेश आला. इंग्रजीत होता, त्याचा मराठी सारांश असा: कळवण्यास खेद वाटतो की, बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही.

दीनानाथरावांनी तो संदेश पुन्हा पुन्हा वाचला. आधी अर्जदार म्हणून वाचला आणि त्यांना वाईट वाटलं. मग मुख्य लिपिक म्हणून वाचला आणि त्यांना राग आला. जावक क्रमांक नाही, सही नाही, हुद्दा नाही, आणि मुख्य म्हणजे कारण नाही. उभ्या नोकरीत त्यांनी असंख्य अर्ज नामंजूर केले होते; खरं सांगायचं तर तेच त्यांचं काम होतं. पण कारण दिल्याशिवाय एकही नाही. कारण कधी 'सोबत जोडपत्र नाही' असं असे, कधी 'अर्ज विहित नमुन्यात नाही' असं असे, पण ते असे. नाही म्हणायलाही एक पद्धत असते, आणि ती पाळणारा माणूस म्हणून त्यांचा खात्यात लौकिक होता. नामंजूर झालेले लोकसुद्धा त्यांना दिवाळीला भेटकार्ड पाठवत.

"रोख द्या आणि घेऊन या फ्रीज," पद्मजाबाई म्हणाल्या. "दूध नासायला लागलंय."

"प्रश्न फ्रीजचा नाही."

"प्रश्न फ्रीजचाच आहे. बाकीचा तुम्ही आत्ता काढलात."

"कारण कळल्याशिवाय या घरात फ्रीज येणार नाही," दीनानाथराव म्हणाले. प्रतिज्ञा करायला हरकत नसते, पण ती करण्याआधी कॅलेंडर बघावं. वैशाख सुरू होता.

त्यांची सोसायटी होती 'हरिप्रिया', चारमजली, आणि पहिल्या दोन दिवसांतच खांबेट्यांचा संसार तिच्या निरनिराळ्या मजल्यांवर थंड व्हायला गेला. दूध तळमजल्यावर वेणूबाईंच्या फ्रीजमध्ये. भाजी आणि लिंबं दुसऱ्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी विश्वजीत शितोळे यांच्याकडे. आमरस आणि बर्फ चौथ्या मजल्यावर स्पृहाकडे. ही हिंजवडीला आयटीत नोकरी करणारी भाडेकरू मुलगी, आणि तिच्या फ्रीजमध्ये अंडी असतात म्हणून दूध तिथे ठेवायला पद्मजाबाई तयार नव्हत्या, आमरसाचं मात्र त्यांनी चालवून घेतलं होतं. पहिल्या मजल्यावरच्या खांबेट्यांना एक कप चहा प्यायचा तर एक मजला उतरावा लागे आणि सरबत प्यायचं तर तीन मजले चढावे लागत. शिवाय कुठल्याही फ्रीजचं दार नुसतं उघडत नसे. त्याच्याबरोबर एक सल्ला बाहेर येई.

"सिबिल खराब असणार तुमचं, खांबेटे," विश्वजीत शितोळे कोथिंबिरीची जुडी देता देता म्हणाले. ते विमा आणि म्युच्युअल फंडाचं काम करत आणि त्यामुळे दुसऱ्याच्या भवितव्याबद्दल नेहमी गंभीर असत. "कुणाला जामीन राहिला होतात का?"

"कधीच नाही."

"आठवून बघा. माणूस विसरतो. कागद विसरत नाही."

वेणूबाईंचं निदान वेगळं होतं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या या बाईंनी पेठेतली चार घराणी बुडताना पाहिली होती आणि पाचव्याची त्यांना आशा होती. "दीनानाथ, अरे, बँकेला वेड नाही लागलंय उगाच नाही म्हणायला," पातेल्यावरची ताटली सरकवून दूध किती उरलंय ते बघत त्या म्हणाल्या. "काय लपवतोयस? मला सांग. माझ्या पोटात राहील."

वेणूबाईंच्या पोटात आजवर एकही गोष्ट जिन्याचं वळण येईपर्यंत राहिलेली नव्हती, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं.

स्पृहाने त्यातल्या त्यात उपयोगाचं काही सांगितलं. "काका, वर्षातून एकदा आपला क्रेडिट रिपोर्ट फ्रीमध्ये मिळतो. थांबा, काढूनच देते." तिने तिथल्या तिथे तो काढला. त्यातला गुणांक पाहून ती म्हणाली, "ओ माय गॉड काका, तुम्ही तर टॉपर आहात! माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे." पूर्वी कधीतरी फेडलेलं घराचं कर्ज, एकही हप्ता न चुकवलेलं, त्यात दिमाखात उभं होतं.

"मग यांनी नाही का म्हटलं?"

"ते नाही कळत. मलाही सेम मेसेज आला होता क्रेडिट कार्डाच्या वेळी. इंटर्नल पॉलिसी."

"मग तू काय केलंस?"

"डिलीट केला."

दीनानाथरावांना त्या मुलीची काळजी वाटली. एवढं शिकून, एवढा पगार मिळवून, 'का?' म्हणून विचारायचं सुचू नये!

गुणपत्रिका हातात आल्यावर ती खिशात ठेवून गप्प बसणं मात्र त्यांच्याच्याने झालं नाही. त्यांनी तिची प्रत काढली आणि खालच्या नोटीस बोर्डावर, पाणी न येण्याच्या सूचनेशेजारी, चार टाचण्यांनी लावली. संध्याकाळपर्यंत शितोळ्यांचं लेखी पत्र आलं: नोटीस बोर्ड केवळ सोसायटीच्या कामकाजासाठी असून वैयक्तिक पत लावण्यास समितीची पूर्वपरवानगी आवश्यक आहे. पत्रात कारण दिलेलं होतं, म्हणून दीनानाथरावांनी ते मान्य केलं आणि कागद काढला. पण तेवढ्यात व्हायचं ते झालं होतं. आपली पत चांगली आहे असं जो माणूस जिन्यात चिकटवतो, त्याच्याबद्दल पेठेत एकच निष्कर्ष निघतो.

मग सुरू झाली लढाई. आधी फोन. बराच वेळ संगीत ऐकवून, मध्येमध्ये 'आपला वेळ आमच्यासाठी मौल्यवान आहे' असं सांगून, एक गोड आवाज आला.

"दीनानाथ सर, अंतर्गत धोरणानुसार अर्ज नाकारला गेला आहे."

"मग ते धोरण मला वाचायला पाठवा."

"सर, ते अंतर्गत आहे."

"बाई, नकार माझ्यापर्यंत बाहेर आला, मग कारणच तेवढं आत का राहिलं?"

"सर, आणखी काही मदत करू का?"

"आणखी? अजून पहिलीच व्हायचीय."

फोन कटला. दीनानाथराव बँकेच्या शाखेत गेले. शाखाधिकारी ऋतुजा नावाची तरुण बाई होती, सालस होती, आणि तिने आपला संगणक चक्क त्यांच्याकडे वळवला. "हे बघा सर. मलाही एवढंच दिसतं." पडद्यावर त्यांचं नाव होतं आणि नावापुढे लाल ठिपका. "लाल का आहे ते आम्हालाही दाखवत नाही."

"मग कोणाला दाखवतं?"

तिने वर पाहिलं. वर पंखा होता.

त्यांनी लेखी अर्ज दिला आणि पोच मागितली. शाखेत आवक शिक्का नव्हता. असा शिक्का असतो हेच तिथल्या कुणाला माहीत नव्हतं. "ईमेल करा ना सर," सगळे म्हणाले. दीनानाथराव तिथून थेट अप्पा बळवंत चौकात गेले, 'प्राप्त झाले' असा रबरी शिक्का बनवून घेतला, शाईची पेटी घेतली, आणि परत येऊन दोन्ही शाखेला भेट म्हणून दिली. पहिला शिक्का आपल्याच अर्जावर मारून घेतला. ऋतुजाबाईंनी सही केली, आणि शाखेतल्या तीन-चार जणांनी त्या प्रसंगाचे फोटो काढले.

हे सगळं होईपर्यंत पद्मजाबाई रोज एकदा न चुकता म्हणत, "आज तरी रोख देऊन आणा." पण एका दुपारी त्या खालून दुधाचं पातेलं घेऊन आल्या, ओट्यावर ठेवलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

"काय झालं?"

"काही नाही. भिशीचा डबा वेणूबाईंनी मागून घेतला."

हरिप्रियातल्या बायकांची भिशी गेली अठरा वर्षं पद्मजाबाईंकडे होती. त्यात एका रुपयाची कधी चूक झाली नव्हती. डबा बिस्किटांचा होता, जुना, कोपऱ्यात चेपलेला. पण तो कुठल्या घरात असतो याला इमारतीत अर्थ होता.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुमच्याकडे सध्या अडचण आहे, उगीच जबाबदारी नको." पद्मजाबाईंनी पदराने कपाळ पुसलं. "मी म्हटलं, हे हट्टी आहेत, पण बुडवे नाहीत. त्यावर कोणी काही बोललं नाही. कोणी बोललं असतं तर बरं झालं असतं."

पंख्याखाली दूध हळूहळू कोमट होत होतं.

"आता रोख देऊ नका," पद्मजाबाई म्हणाल्या. "आता कारण विचाराच."

त्या रात्री त्यांनी जी तक्रार लिहिली तिच्याइतका मजकूर त्यांच्या हातून सबंध नोकरीत उतरला नव्हता. अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवावं असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगून ठेवलेलं आहे, हे स्पृहाने शोधून दिलं. त्याचा संदर्भ पहिल्या परिच्छेदात घातला. मुदतीत उत्तर न आल्यास बँकिंग लोकपालांकडे जाण्याचा इरादा शेवटच्या परिच्छेदात घातला. मधल्या परिच्छेदात राग होता, तो पद्मजाबाईंनी वाचून निम्म्याने कमी केला. प्रत बँकेच्या मुख्य कार्यालयाला, प्रत विभागीय कार्यालयाला, प्रत शाखेला. शाखेने आपणहून शिक्का मारून पोच दिली.

ज्येष्ठ निम्मा सरला आणि विभागीय कार्यालयातून बोलावणं आलं. दीनानाथरावांनी ठेवणीतला शर्ट काढला. "तूही चल," ते पद्मजाबाईंना म्हणाले. "डबा तुझा गेलाय." रिक्षावाला मीटरने यायला तयार झाला, हा दोघांनीही शुभशकुन मानला.

विभागीय कार्यालय सगळं काचेचं होतं आणि आत इतकं थंड होतं की पद्मजाबाई म्हणाल्या, "आपलं दूध इथेच ठेवायला हवं होतं." तक्रार निवारण अधिकारी पन्नाशीचे, बारीक मिशीचे, फार सौम्य बोलणारे गृहस्थ होते. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत रुमालाने मान पुसत एक रापलेला माणूस बसला होता.

"हे संपत पोकळे. आमच्यासाठी घरोघरी चौकशी करणाऱ्या एजन्सीत आहेत," अधिकारी म्हणाले. "खांबेटेसाहेब, तुमचा गुणांक उत्तम, पेन्शन नियमित. सिस्टिमने नाकारलं ते फक्त घरच्या चौकशीच्या अहवालावरून. तुम्ही कारण मागितलंत, ते तुमचं आहे. वाचू का?"

"वाचा," दीनानाथराव ताठ बसून म्हणाले. "सगळं वाचा."

अधिकाऱ्यांनी घसा साफ केला. "अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. फक्त जेवायला येतो."

दीनानाथरावांच्या भुवया वर गेल्या.

"अर्जदाराने आयुष्यात काम केलेले नाही, केवळ खुर्चीत बसला. घर पत्नीचे असून अर्जदार तिथे पाहुणा आहे. अर्जदार कधी भेटेल विचारले असता, त्याचा काही भरवसा नाही, असे सांगण्यात आले." त्यांनी कागद जरा दूर धरला. "माहिती देणार: अर्जदाराची पत्नी."

दीनानाथरावांनी मान वळवली. पद्मजाबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या संपतकडे बघत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे तर ते वॉटर प्युरिफायरवाले!"

"न्हाई ताई," संपत कसनुसा हसत म्हणाला. "तुमीच म्हणाला, प्युरिफायर नको. मी म्हटलं बरं."

"पण तुम्ही बँकेचं नाव का नाही सांगितलंत?"

"सांगायचं नसतंय. वरनं तशी ऑर्डर हाय. बँकेचं नाव काढलं की माणूस सावध हुतो, म्हनत्यात. मी आपलं विचारलं, खांबेटेसाहेब हितंच राहत्यात का? तर तुमी म्हणाला, राहतात कुठं, जेवायला येतात तेवढे."

पद्मजाबाईंना तो दिवस लख्ख आठवला. सोमवार होता. गच्चीवर कुरडया घालायच्या होत्या, गव्हाचा चीक शिजत होता, आणि दीनानाथराव सकाळपासून मित्रांबरोबर पारावर बसून नवा फ्रीज किती लिटरचा आहे ते सांगत होते. अशा वेळी दारात आलेल्या परक्या माणसाने नवऱ्याची चौकशी केली तर नारायण पेठेतली कुठली बाई दुसरं काय सांगेल?

"अहो, ते असं बोलायचं असतं," त्या म्हणाल्या.

"आमच्या धायरीला बाई नवऱ्याबद्दल असं बोलली ना ताई, तर ते खरंच असतंय," संपत म्हणाला. "मला तर वाईट वाटलं तुमचं. म्हटलं, एवढी चांगली बाई. साहेब, ताईंनी मला चीक खायला दिला होता, तूप घालून. ते बी मी अहवालात लिवलंय."

"लिहिलंय," अधिकाऱ्यांनी दुजोरा दिला. "वागणूक चांगली, असा शेरा आहे. पण सिस्टिम तो रकाना धरत नाही." मग ते पुढे झुकले. अशा भानगडी मिटवण्याचा त्यांना सराव असावा. "खांबेटेसाहेब, हे सरळ आहे. पत्नीने दिलेली माहिती खोटी होती, एवढं दोन ओळींत लिहून द्या. मी आत्ता, तुमच्यासमोर मंजूर करतो."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. वर पेन ठेवलं.

दीनानाथरावांनी पेन उचललं. दोन ओळी. फ्रीज, कुकर, वेणूबाईंचं तोंड बंद, सगळं दोन ओळींच्या पलीकडे उभं होतं. त्यांनी तारीख घातली, 'प्रति' लिहिलं, 'विषय' लिहिलं आणि तिथे हात थांबला. विषय काय लिहायचा? 'पत्नीने खोटी माहिती दिल्याबाबत.' कागद फायलीत लागेल, फाईल कपाटात जाईल किंवा आता जिथे कुठे जातात तिथे जाईल. उद्या कोणी ती उघडील, तेव्हा आत शिजणारा चीक नसेल, गच्ची नसेल, पद्मजेचा आवाज नसेल. नुसतं एवढंच दिसेल: पद्मजा दीनानाथ खांबेटे, माहिती खोटी. फायलींबरोबर हयात गेलेल्या माणसाला हे दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शेजारी पद्मजाबाई खाली मान घालून पर्सचं बटण उघडबंद करत होत्या.

त्यांनी पेनला टोपण लावलं.

"माझी पत्नी खोटी माहिती देत नाही," ते म्हणाले.

अधिकारी चक्रावले. "म्हणजे तुम्ही तिथे राहत नाही?"

"जेवायला जातो."

"तुम्ही नोकरी केलेली नाही?"

"खुर्चीत बसलो होतो. खुर्ची सरकारी होती, पण बसलो होतो हे खरं आहे."

"आणि भरवशाचं?"

"तो तिचा अनुभव आहे. त्यात मी ढवळाढवळ करणार नाही."

"साहेब, मग तुमचा अर्ज नामंजूरच राहील हो!"

"राहू द्या," दीनानाथराव म्हणाले, आणि संपूर्ण प्रकरणात प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "पण आता तो रीतसर नामंजूर झाला. कारण आहे, कारणाला कागद आहे, माहिती देणाऱ्याचं नाव आहे. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं. या अहवालाची सही-शिक्क्याची प्रत मला द्या. आणि दोन गोष्टी लिहून घ्या. ज्याची चौकशी करता त्याला चौकशी चालू आहे हे सांगा. आणि नाही म्हणायचं असेल तर का ते सांगा. लोक नकार पचवतात, साहेब. जो कोपऱ्यात तोंड लपवून उभा असतो ना, तो पचत नाही."

अधिकाऱ्यांनी खरोखरच लिहून घेतलं. वर पाठवतो म्हणाले. वर काय झालं ते कळायला मार्ग नाही. पण संपत त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला आला. "बरं केलं साहेब," तो म्हणाला. "मला बी लई जड जातंय. कुणाच्या दारात उभं राहायचं, पानी प्यायचं, आन् आपण कोन ते सांगायचं न्हाई. आमच्यात त्याला चांगलं म्हनत न्हाईत." पद्मजाबाईंनी त्याला कुरडया न्यायला घरी बोलावलं.

तिथून दोघं थेट लक्ष्मी रस्त्यावर गेली आणि रोख पैसे देऊन फ्रीज घेतला. केयूरने कुकरचा विषय काढला नाही.

टेम्पो आला तेव्हा अख्खी इमारत जिन्यात होती. वेणूबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. "मग? कळलं का कारण?" त्यांनी विचारलं. दीनानाथराव काही बोलणार तोच पद्मजाबाईंनी त्यांच्या हातून अहवालाचा कागद घेतला आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचला. 'फक्त जेवायला येतो'ला स्पृहा हसून खाली बसली. 'पाहुणा'ला शितोळ्यांनी आपल्या बायकोकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. 'माहिती देणार: अर्जदाराची पत्नी' झाल्यावर सगळ्यांनी वेणूबाईंकडे पाहिलं.

"अगं, हे तर आम्ही रोज ऐकतो," वेणूबाई म्हणाल्या. "यावरून कर्ज अडवायला लागले तर पेठेत एकाला पैसा मिळायचा नाही." मग त्या उठल्या, आत गेल्या आणि बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. "हा घे बाई. माझ्याच्याने तो हिशेब होत नाही. आणि तो शिक्क्याचा कागद लावा हो त्या बोर्डावर. शितोळे, परवानगी आहे ना?"

शितोळे म्हणाले, समितीपुढे ठेवतो.

स्पृहा वर जाता जाता दीनानाथरावांपाशी थांबली. "काका, माझ्या कार्डाचंही विचारायचं का आपण?"

"बस," ते म्हणाले. "कागद आण. 'विषय' मी सांगतो."

तिचा अर्ज लिहून होईपर्यंत अंधार पडला. ती गेल्यावर दीनानाथराव स्वयंपाकघरात आले. नव्या फ्रीजमध्ये दूध होतं, कोथिंबीर होती, सगळ्या मजल्यांवरून गोळा झालेला संसार पुन्हा एका दाराआड आला होता. पद्मजाबाई फ्रीजला पाठ टेकून उभ्या होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "एवढं खरं नाही हो बोलत मी."

"मला माहीत आहे," दीनानाथराव म्हणाले. "पण बँकेला कशाला सांगायचं?"